जळगावात गच्चीवर मिफुने दाखवायचा तर

जपानी अभिनेता तोशिरो मिफुनेची (१९२०–१९९७) सुरुवात ‘सेव्हन समुराई’ने करू नका. २०७ मिनिटांचा सिनेमा; निम्मी मंडळी आधीच उठतात. आधी ‘राशोमोन’ (१९५०) लावा, दीड तासात आटोपतो. मग ‘योजिम्बो’ (१९६१). याच भूमिकेला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. अंगात पिसवा झाल्यासारखा तो खांदा उडवतो, तेवढं नीट बघायला सांगा. दिग्दर्शक कुरोसावांबरोबरचे १६ सिनेमे ‘रेड बिअर्ड’पाशी (१९६५) संपतात. टीव्हीवरचा मिफुने हवा तर ‘शोगुन’ (१९८०), त्यातला तोरानागा तोच.

मे महिन्यात पावणेआठच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही. कूलर पडद्याकडे तोंड करून ठेवू नका, कापड फडफडतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट हवी, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्याआड जातात.

सबटायटल सुरुवातीपासून सारखेच मागेपुढे असतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं जी किंवा एच दाबा, दर दाबाला ५० मिलिसेकंद सरकतात. हळूहळू फरक वाढत असेल तर सबटायटलची फाईल सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाची आणि सिनेमा २४ चा असतो. ‘सेव्हन समुराई’एवढ्या लांब सिनेमात अशी फाईल शेवटी आठ मिनिटं पुढे पळते. सरळ दुसरी शोधा.

शेवभाजी सिनेमा संपल्यावरच काढा. रश्श्याचा वास सुटला की सबटायटल कोण वाचतो!