स्टिरिओ बदलायचाय, पण स्टिअरिंगवरची बटणं चालली पाहिजेत

नवा स्टिरिओ बघायला जाण्याआधी गाडीत बसा आणि स्टिअरिंगवरची बटणं मोजा. कुठलं बटण काय करतं, दाबून धरलं तर वेगळं काही करतं का, फोन उचलायचं आणि ठेवायचं बटण एकच आहे की दोन, हे वहीत लिहून काढा. क्रूझची आणि मीटरमधला ट्रिप बदलायची बटणं बहुतेक गाड्यांत स्टिरिओकडे जातच नाहीत, ती यादीतून खोडा. रिव्हर्स कॅमेरा, कंपनीचा माइक आणि डॅशबोर्डवरचं यूएसबीचं भोक जुन्या स्टिरिओलाच जोडलेलं असेल, तर तेही लिहा. प्रत्येकाचं कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, वेगळं लागतं आणि ऐन वेळी ते चिपळूणला मिळेल, लांज्यात मिळेलच असं नाही.

आता खरा प्रश्न. बटणांची खबर स्टिरिओपर्यंत पोचते कशी? बऱ्याच गाड्यांत ही साधी रेझिस्टन्सची, म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याची, करामत असते. एकाच वायरवर प्रत्येक बटण वेगळे ओहम दाखवतं आणि तेवढ्यावरून कुठलं बटण दाबलं ते स्टिरिओ ओळखतो. अशा गाडीला नव्या स्टिरिओवर ‘की वन’, ‘की टू’ लिहिलेल्या वायरी असल्या की झालं; बटणं सेटिंगमध्ये जाऊन एकेक करून शिकवायची. काही गाड्यांत मात्र हा निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतली यंत्रं आपसात बोलतात त्या डिजिटल वायरींवरून, जातो. तिथे तो निरोप स्टिरिओला समजावणारा त्याच मॉडेलचा कॅन बॉक्स हवा, नाहीतर बटणं मुकीच राहणार. आपली गाडी कुठल्या जातीची ते दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका. जुना स्टिरिओ सोडवल्यावर मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक बटणांच्या वायरीला आणि दुसरं त्यांच्या अर्थला लावा. बटण दाबल्यावर आकडा बदलला तर रेझिस्टन्सचा प्रकार. यासाठी स्टिअरिंग खोलायचं नाही. त्यात एअरबॅग आहे. तिच्या पिवळ्या कपलरला तर मीटरचं टोकसुद्धा लावायचं नाही.

हे इतकं का सांगतोय? माझ्या गाडीत पहिल्यांदा स्टिरिओ बसवणाऱ्याने कंपनीचं कपलर कापलं, वायरी पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. मी विचारलं तर म्हणाला, “काय होत नाय, टेप घट्ट मारलाय.” झालं नाही खरं, एक पावसाळा जाईपर्यंत. मग आवाज वाढवायचं बटण दाबलं की गाणं पुढे जायला लागलं, आणि गाणं पुढे न्यायचं बटण मेलं. मला वाटलं बटणंच गेली. पॅनल काढून टेप सोडवली तर आत चिकट लगदा आणि तांब्यावर हिरवा कळंक. आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं आणि मोजलं. जोडाच्या बटणाकडच्या बाजूला ३३० ओहम, स्टिरिओकडच्या बाजूला साडेपाचशे. म्हणजे खाऱ्या दमट हवेने जोडात आपल्या खिशातले दोन-सव्वादोनशे ओहम घातले होते. शेजारच्या बटणाचे होते ६८०, त्यामुळे स्टिरिओची गफलत झाली. बिचाऱ्याची चूक नव्हती.

म्हणून खरेदीच्या यादीत पहिलं नाव मॉडेलच्या कपलरचं, स्टिरिओचं त्याच्याखाली. हे कपलर एका बाजूने गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसतं, दुसऱ्या बाजूने नव्या स्टिरिओत. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. कुठे जोड द्यावाच लागला तर सोल्डर करा आणि गरम केल्यावर आवळून बसणारी श्रिंक ट्यूब घाला. सगळ्या जुडग्याला कापडी टेप लावा. काळी टेप उन्हात डिंक सोडते. मॉडेलची फ्रेम घ्या, कारण डबल डिन या मोठ्या स्टिरिओचं ठरलेलं माप साधारण १८० बाय १०० मिलिमीटर, आणि डॅशबोर्डचं भोक त्याहून मोठं किंवा वाकडं असू शकतं. अँटेना बदलायची पिन लागते का, तेही बघा. अँटेनाला अँप्लिफायर असेल आणि त्याला करंट देणारी स्टिरिओची निळी वायर जोडायची राहिली, तर आकाशवाणी रत्नागिरीच्या जागी नुसती खरखर ऐकत बसाल.

गणपतीआधी काम उरकायचा मोह सगळ्यांना होतो. चाकरमानी यायच्या आत गाडी सजलेली हवी. पण पावसाळी हवेत डॅशबोर्ड उघडा टाकून बसण्यापेक्षा दसऱ्यानंतरचा कोरडा दिवस बरा. बॅटरी सोडल्यावर जुना स्टिरिओ परत चालू करायला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. चावी काढा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडा आणि एक चहा होईल इतकं थांबा. एअरबॅगच्या सर्किटमधली वीज उतरायला वेळ लागतो. पॅनल उचकटायच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्याच वापरा. गिअरभोवती जुना पंचा अंथरा, नाहीतर निसटलेला स्क्रू आत जाऊन पुढची पाच वर्षं वळणावळणावर वाजेल. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

वायरींचे रंग साधारण ठरलेले असतात. पिवळी कायमच्या १२ व्होल्टला, लाल चावी फिरवल्यावरच करंट येणारी, काळी अर्थ. पण हे रंग नव्या स्टिरिओच्या वायरींचे. गाडीच्या वायरी मीटर लावूनच ओळखा. लाल-पिवळी उलटी लागली तर चावी काढली की सेटिंग पुसलं जातं. दोन्ही कायमच्या करंटवर दिल्या तर बॅटरी उतरते, आणि आपल्याकडे तर घरधनी मुंबईला आणि गाडी गावच्या पडवीत महिनाभर झाकलेली. त्यामुळे शेवटी चावी काढून अर्धा तास थांबा, बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर अँपिअरवर लावून गळती मोजा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर जोडणी ठीक, पण महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी तेवढ्यानेही उतरू शकते.

पॅनलच्या क्लिपा लगेच दाबू नका. आधी बटणं शिकवा, वहीशी ताडून बघा, चारही स्पीकर ऐका, रिव्हर्स टाका. मग जांभ्याच्या कच्च्या वाटेवर एक फेरी मारा. खडखड ऐकू आली तर त्या जागी कापडी टेपचा तुकडा. जुना स्टिरिओ कोडच्या चिठ्ठीसकट डब्यात बंद करून कपाटात ठेवा. माळ्यावर नको, तिथे उंदीर आहेत.