अमीबाला ज्योतीवरून फिरवू नका

पदवीच्या पहिल्या वर्षी डबक्यातल्या पाण्याचा थेंब हाती आला आणि मी सवयीने काय केलं? काचपट्टीवर पसरला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला आणि ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू ओळखण्यासाठीचं रंजन, केला. जिवाणूंसाठी हे सगळं बरोबर. माझ्या पट्टीवर मात्र गुलाबी डाग तेवढे उरले. एकपेशीय दृश्यकेंद्रकी जीवांशी, म्हणजे अमीबासारख्या केंद्रक असलेल्या जीवांशी, माझी पहिली भेट त्यांच्या अंत्यसंस्कारातच झाली म्हणायची.

चूक हाताची दिसली तरी मूळ समजुतीत होतं. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे एका कुळाचा अभ्यास, असं मी धरून चालले होते. इथे नातं कोणी विचारत नाही. लहान आकार आणि अभ्यासाची पद्धत यांवर जागा मिळते. म्हणून ई. कोलाय हा जिवाणू आणि पॅरामेशियम हा डबक्यातला एकपेशीय जीव एकाच पुस्तकात शेजारी बसतात. पहिला सुमारे २ मायक्रोमीटर लांब, दुसरा २०० ते ३००. शिवाय पॅरामेशियमला केंद्रक आहे, मायटोकॉन्ड्रिया आहेत, पेशीद्रवात ८०एस रायबोसोम (प्रथिनं बनवणारे कण; आकडा त्यांच्या आकाराची खूण) आहेत, म्हणजे घडणीने तो जिवाणूपेक्षा आपल्याला जवळचा. जिवाणूंच्या ७०एस रायबोसोमवर नेम धरणारी अनेक अँटिबायोटिक्स अशा जीवांवर का चालत नाहीत, हे इथेच उलगडतं. मग मलेरियाच्या परजीवीवर डॉक्सिसायक्लिन कसं चालतं? त्याच्या पेशीत अॅपिकोप्लास्ट नावाचं अंगक असतं आणि त्यातले रायबोसोम जिवाणूंच्या धर्तीचे असतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न मला आला होता. उत्तर आलं नव्हतं.

वर्गीकरणाचे तक्ते पाठ करण्यात महिना घालवू नका. जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये अशा जीवांसाठी प्रोटिस्टा हे सृष्टीचं वेगळं दालन केलं, पुढे व्हिटेकर या शास्त्रज्ञाच्या १९६९ च्या पाच सृष्टींतही ते राहिलं. आज जनुकांवरून पाहता प्रोटिस्टा हा एक वंश नाहीच, नुसती सोयीची पिशवी आहे. बटाट्यावर करपा आणणारा फायटॉफ्थोरा बुरशीसारखा वाढतो, पण नात्याने डायाटम या एकपेशीय शैवालांच्या बाजूचा. प्रत्येक गटातला एक जीव स्वतः पाहिलात की नावं आपोआप बसतात.

पाहायचं कसं? वाळलेलं गवत पाण्यात उकळा, गार करून दोन दिवस ठेवा. जिवाणू वाढून पाणी गढूळ झालं की त्यात डबक्याचं थोडं पाणी घाला. हे जिवाणू म्हणजे पॅरामेशियमचं जेवण. काही दिवसांनी थेंब घ्या आणि १० एक्सच्या भिंगापासूनच सुरुवात करा. सर्वात मोठं दाखवणाऱ्या तेलाच्या भिंगाकडे हात जाईल, आवरा! पॅरामेशियम सेकंदाला मिलिमीटरभरही पळतो, त्यामुळे थेंबात कापसाचे चार तंतू टाका, त्यांच्या जाळीत तो अडखळतो. रंग नंतर.

तो थांबला की संकोची रिक्तिका शोधा: फुगत जाणारं आणि अचानक नाहीसं होणारं पारदर्शक वर्तुळ. गोड्या पाण्यात पेशीत सतत पाणी शिरतं, ते ही रिक्तिका बाहेर फेकते. दोन आकुंचनांमधले सेकंद मोजा. मग अगदी चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात मोजा. आत शिरणारं पाणी कमी झाल्याने अंतर वाढतं. माझ्या वहीत त्या दिवशीचे सेकंदांचे दोन रकाने अजून आहेत. लेबलं लावलेली आकृती त्यानंतरच्या पानावर आहे.