घरचा स्विमिंग पूल: ठाणे-नवी मुंबईत बजेट कोलमडवणाऱ्या या चुका टाळा

अंगणात पूल बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "स्क्वेअर फुटाला किती?" पहिली चूक इथेच होते. ८ × ४ मीटरचा पूल १.२ मीटर खोल असो की १.८, क्षेत्रफळ तेवढंच राहतं. पण खोदकाम, सळई, काँक्रीट, पाणी आणि पंप सगळंच बदलतं. म्हणून हिशेब घनमीटरमध्ये करा. पुढची सगळी उदाहरणं मी ८ × ४ मीटर आणि सरासरी १.३५ मीटर पाण्याच्या पूलची देतो आहे. त्यात साधारण ४३ हजार लिटर पाणी मावतं.

कोटेशनचं शेवटचं पान आधी वाचा

बारीक अक्षरांत तिथे लिहिलेलं असतं: "खोदकाम प्रत्यक्ष मोजमापानुसार. माती वाहतूक, वीज व पाणी क्लायंट स्कोप. जीएसटी एक्स्ट्रा." "क्लायंट स्कोप" म्हणजे तो खर्च तुमचा. १८ टक्के जीएसटी धरला, तर १० लाखांच्या कोटेशनवर १ लाख ८० हजार तिथेच वाढले.

आता खोदकाम बघा. शटरिंगला (काँक्रीट ओतायच्या साच्याला) चारी बाजूंनी जागा सोडली, खाली पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) आणि तळाच्या स्लॅबची जाडी धरली, की खड्डा साधारण ९.५ × ५.५ × १.८ मीटरचा होतो. म्हणजे ९४ घनमीटर, ३३ ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). उकरलेली माती फुगते, त्यामुळे डंपरमध्ये भरताना तीच ४० ब्रासच्या पुढे जाते. वाहतुकीचा दर कोणत्या मापावर आहे, हे लिहून घ्या.

घोडबंदर पट्ट्यात किंवा येऊरच्या पायथ्याशी थोडं खाली गेलं की काळा कातळ लागू शकतो. मग जेसीबी थांबतो, ब्रेकर येतो आणि मीटर तासावर सुरू होतो. नवी मुंबईत खाडीकडच्या भरावाच्या जमिनीत उलटी अडचण येते: चिखल, ढासळणाऱ्या कडा आणि सतत झिरपणारं पाणी. दोन्हींवर उपाय एकच. करार करण्याआधी दोन मीटर खोल ट्रायल पिट (चाचणीचा खड्डा) घ्या, आणि माती, मुरूम, कातळ यांचे तीन वेगळे दर कोटेशनमध्ये लिहून घ्या. हा छोटा खर्च कुणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

महापालिकेची परवानगी आर्किटेक्टमार्फत आधीच बघा. नवी मुंबईत सिडकोची लीजची जमीन असेल तर लीजच्या अटीही तपासा.

पावसाळ्यात रिकामा पूल ठेवू नका

मार्चमध्ये काम काढायचं आणि जूनमध्ये शेल, म्हणजे पूलचा काँक्रीटचा सांगाडा, तसाच रिकामा सोडायचा, ही सगळ्यात महागडी चूक. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि पूलला खालून ढकलतं. पाण्याची पातळी पूलच्या तळापेक्षा १.१ मीटर वर असेल, तर दर चौरस मीटरला १.१ टनाचा दाब येतो. २०० मिमी स्लॅबचं वजन चौरस मीटरला जेमतेम अर्धा टन. भिंतींचं वजन धरूनही हिशेब काठावर येतो. पाणी अजून चढलं तर आख्खा पूल उचलला जातो, पाइप तुटतात, तळाला तडे जातात.

दिवाळीच्या सुमारास खोदकाम सुरू करा, म्हणजे मे संपायच्या आत पूल भरता येतो. तळाखाली खडीचा थर, निचऱ्याचा पाइप आणि हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह (खालून दाब वाढला की जमिनीतलं पाणी पूलमध्ये घेणारी झडप) यांचा खर्च पहिल्याच बजेटमध्ये धरा. आणि जुलैत पाणी हिरवं झालं म्हणून पूल उपसू नका. पीएच ७.२ ते ७.६ वर आणा, क्लोरिन वाढवा, फिल्टर जास्त वेळ चालवा.

गच्चीवरच्या पूलचा मोह असेल तर एवढंच: १.२ मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १,२०० किलो. राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० किलोच्या भारासाठी डिझाइन केलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अहवालाशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

काठोकाठ भरलेल्या पूलचा छुपा खर्च

फोटोत सुंदर दिसणारा ओव्हरफ्लो पूल घ्यायचा तर चारी बाजूंनी चॅनल, त्यावर जाळी आणि जमिनीखाली सांडलेलं पाणी साठवणारी वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते. तिचं खोदकाम, आरसीसी, वॉटरप्रूफिंग सगळं पुन्हा. घरच्या वापराला स्किमर पूल (पाणी काठाच्या थोडं खाली राहतं आणि भिंतीतल्या तोंडातून फिल्टरकडे ओढलं जातं) पुरतो, आणि वाचलेल्या पैशांत न घसरणारी फरशी आणि मुलांसाठी कुंपण होतं. या दोन गोष्टींत काटकसर नको.

दरमहाचा खर्च

१ एचपीचा पंप रोज आठ तास चालला तर महिन्याला साधारण २०० युनिट जातात. ते घरच्या वापरावर चढतात, म्हणून वीजबिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने मोजा. पहिल्यांदा भरायला दहा हजार लिटरचे चार-पाच टँकर लागतील. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरिन टाकताच ते चहासारखं तपकिरी होतं. टँकर मागवण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या.

टाइल्सच्या आधी पाणी भरा

काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग झालं की किमान सात दिवस पूल भरून ठेवा, मगच टाइल्स. करारातच निदान १० टक्के रक्कम या चाचणीनंतर देय ठेवा. पातळी उतरतेय असं वाटलं तर एक बादली पूलच्याच पाण्याने भरून पायरीवर ठेवा, बादलीत आणि बाहेर पातळीची खूण करा, पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच पाणी कमी झालं असेल तर ते बाष्पीभवन. पूलची पातळी जास्त उतरली असेल तर गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत टाइल्सवाल्याला बोलावू नका.