व्हीएम उडालं? मी पोहोचेपर्यंत एवढं करून ठेवा

“भाऊ, टॅलीचं व्हीएम उडालं,” असा फोन आला (व्हीएम म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) की माझं उत्तर ठरलेलं: आधी कीबोर्डवरून हात काढ. मग ईएसएक्सआयच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरच्या, यादीतून नुसतं काढलंय की डिस्कवरूनच डिलीट झालंय, ते बघ. यादीतूनच गेलं असेल तर फोल्डर जागेवर असतं. व्हीएमएक्स फाइल, म्हणजे व्हीएमच्या सेटिंगची फाइल, परत रजिस्टर केली की झालं. मला भुसावळहून जळगाव एमआयडीसीत बोलवायचं कारण नाही.

फोल्डर आहे, पण व्हीएम उठत नाही, तर एसएसएचने (दुरून कमांड द्यायची सोय) सर्व्हरच्या आत जाऊन ‘फ्लॅट’ नावाची मोठी फाइल शोधा, खरा डेटा तिच्यातच असतो. ती सापडली तर देव पावला. गेलीय ती फक्त डिस्क्रिप्टरची, म्हणजे डिस्कचं वर्णन सांगणारी, चिमुकली टेक्स्ट फाइल, आणि ती नव्याने लिहिता येते. त्यासाठी फ्लॅटचा आकार बाइटमध्ये, एकही आकडा न गाळता कागदावर उतरवा. १०० जीबीच्या डिस्कला १,०७,३७,४१,८२,४०० बाइट, म्हणजे ५१२ने भागून २०,९७,१५,२०० सेक्टर. “शंभरेक जीबी असेल” हे चालत नाही.

फ्लॅटही गेली असेल तर खरं काम. व्हीएमएफएस ६ (ईएसएक्सआयची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) वर मोकळी झालेली जागा स्टोरेजला परत देण्याचं काम मागे आपोआप चालू असतं. एसएसडी किंवा थिन लन (स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेली, वापरेल तशी जागा घेणारी डिस्क) असेल तर ते काम आधी बंद करा, नाहीतर डिलीट झालेला डेटा कायमचा जातो. मग त्या डेटास्टोअरवरची (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) बाकीची व्हीएम बंद. बॅकअप असेल तर दुसऱ्या डिस्कवर उतरवा. एका डाळमिलमध्ये घाईघाईने जुना बॅकअप त्याच डेटास्टोअरवर टाकला आणि मार्चअखेरचा सगळा हिशेब त्याच्याखाली गाडला गेला. शेठ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, जणू मीच टाकला!

रिकामी डिस्क आणून ठेवा. व्हीएम १०० जीबीचं असलं तरी कॉपी अख्ख्या लनची घ्यावी लागते. लन ४ टीबी असेल तर डिस्क त्याहून मोठी. सेकंदाला १५० एमबीचा वेग मिळाला तरी साडेसात तास लागतात. मे महिन्यात त्या खोलीचा एसी आणि इन्व्हर्टर तेवढा टिकेल का, ते आजच बघा. लाइट गेली तरी डीडीरेस्क्यू हे कॉपीचं सॉफ्टवेअर आपल्या नोंदीवरून पुढे चालू होतं, पण तापलेली डिस्क बसली की बसली.

रेडमधल्या (अनेक डिस्क जोडून केलेला संच) डिस्क बाहेर काढू नका. काढायची वेळ आलीच तर आधी पांढरी टेप लावून मार्करने ०, १, २, ३ असे स्लॉट लिहा. डाळीच्या भुकटीवर टेप चिकटत नाही, तेव्हा फडकं मारून घ्या.

एका कागदावर ईएसएक्सआयची आवृत्ती, डिस्क थिन की थिक (सगळी जागा आधीच घेतलेली), आत विंडोज की लिनक्स, डिलीट किती वाजता झालं आणि त्यानंतर कोणी काय काय केलं, ते लिहा. शेवटचं खरं लिहा, कोणाला ओरडणार नाही.

अकाउंटंटच्या ड्रॉवरमधला पेन ड्राइव्हही बघून ठेवा. एकदा टॅलीचा बॅकअप तिथेच निघाला होता.