इंग्रजी जोडशब्द उच्चारताना या चुका टाळा

इंग्रजी जोडशब्दातील दोन्ही घटक वेगवेगळे शुद्ध उच्चारूनही पूर्ण शब्द ऐकणाऱ्याला खटकतो, तेव्हा चूक बहुधा आघाताची, म्हणजे कोणत्या भागावर जोर द्यायचा याची असते. मराठीत आघाताची जागा बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही घटकांवर सारखाच जोर देतो. इंग्रजीत मात्र त्यावर अर्थच अवलंबून असू शकतो. ‘ग्रीनहाउस’मध्ये मुख्य आघात ‘ग्रीन’वर असेल तर ते रोपांसाठी बांधलेले काचगृह, आणि तो ‘हाउस’वर गेला तर नुसते हिरवे घर. ‘इंग्लिश टीचर’मध्ये आघात पहिल्या शब्दावर असल्यास इंग्रजी शिकवणारी व्यक्ती समजली जाते, दुसऱ्यावर असल्यास शिक्षकी करणारी इंग्रज व्यक्ती.

मात्र ‘आघात पहिल्या घटकावर’ हा नियम सरसकट लावणे ही दुसरी चूक. ‘बॅड-टेम्पर्ड’सारख्या विशेषणांत तो दुसऱ्या घटकावर असतो. ‘ॲपल पाय’मध्ये ‘पाय’वर, पण ‘ॲपल केक’मध्ये ‘ॲपल’वर, रस्त्यांच्या नावांत ‘रोड’वर आघात येतो, ‘स्ट्रीट’वर येत नाही. अशा जोड्या पाठच कराव्या लागतात.

शब्द तोडण्याची चूक मराठी भाषकांकडून विशेष होते, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ट आणि ह शेजारी आले की आपली जीभ ठ उच्चारते, प आणि ह आले की फ, म्हणून ‘हॉट-हाउस’चे ‘हॉ-ठाउस’ होते आणि ‘अप-हिल’चे ‘अ-फिल’. जोडशब्दाचे अवयव, म्हणजे उच्चारातले तुकडे, घटकांच्या सांध्यावरच पाडावेत आणि पहिल्या घटकाचे शेवटचे व्यंजन तिथेच थांबवून मगच ह उच्चारावा. याउलट ‘कबर्ड’ या शब्दात सांधा पुसला गेला आहे. तिथे मूळचे ‘कप’ आणि ‘बोर्ड’ शोधत बसू नये. ‘पोस्टमन’मधला ‘मन’ही असाच आखूड, अस्पष्ट स्वराचा आहे, तो ‘मॅन’ असा ठासून म्हणू नये.

कोशात पाहूनही उच्चार चुकत असेल तर खूण वाचण्यात गफलत होत असावी. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरणाऱ्या कोशांत वरची उभी रेघ आघातयुक्त अवयवाच्या आधी येते, नंतर नव्हे. खालची रेघ दुय्यम आघाताची असते. ‘वीकेंड’चा आघात ब्रिटिश उच्चारात बहुधा शेवटी आणि अमेरिकन उच्चारात सुरुवातीला असतो, म्हणून कोश कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहावे.