शील-समाधी-प्रज्ञा पाठ आहे म्हणून तलवार येत नाही

जपानात नागोयाला नोकरी लागली की दोन-चार महिन्यांत कुणीतरी विचारतंच, ताई, तलवारीचा डोजो (म्हणजे शिकायची जागा) शोधतोय, कुठून सुरुवात करू? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. केन्दो म्हणजे तलवारीचा आधुनिक खेळ आणि कोर्यू म्हणजे जुन्या युद्धविद्येच्या परंपरा, हे दोन वेगळे एवढं लक्षात ठेवा, मी कोर्यूबद्दल बोलतेय. माझा डोजो कुठला ते सांगणार नाही, पण परंपरा याग्यू शिंकागे-र्यू या तलवारीच्या घराण्याची, ओवारी शाखा (ओवारी हे या भागाचं जुनं नाव), जी इथे नागोयातच वाढली.

घराणं म्हटलं की गाण्यातलं घराणं डोळ्यासमोर आणा, नुसतं रक्ताचं नाही. कामिइझुमी नोबुत्सुनानं १५६५ साली याग्यू मुनेयोशीला विद्या दिल्याचं प्रमाण दिलं, आणि मुनेयोशी काही त्याच्या घरातला नव्हता. मुनेयोशीचा मुलगा मुनेनोरी एदोला (आजचं टोकियो) शोगुनचा, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्याचा, गुरू झाला, नातू ह्योगोनोसुके ओवारीला आला, आणि पुढे ओवारीचे काही तोकुगावा सरदारसुद्धा या परंपरेचे प्रमुख झाले. त्यामुळे "आमचे सेन्सेई (गुरुजी) थेट अमक्याचे वंशज" असं कुणी पहिल्याच दिवशी ऐकवलं तर भारावून जाऊ नका, कुणाकडून काय आणि किती वर्षं शिकले ते बघा. आणि वीकेंड सेमिनारमध्ये सर्टिफिकेट देणाऱ्यांपासून लांब राहा, मी तीन वर्षं झाली तरी पहिल्याच पाच काताशी (दोघांनी करायच्या ठरलेल्या हालचालींशी) झगडतेय.

आता मी कुठे आपटले ते.

मी नागपूरची, लहानपणापासून विहारात जाणारी. पहिल्या दिवशी कळलं की आमच्या सुरुवातीच्या काताच्या संचाचं नाव सानगाकु, म्हणजे तीन शिक्षा, शील समाधी प्रज्ञा! मला इतका आनंद झाला ना, वाटलं हे तर घरचंच निघालं, इथल्या पोरांना वर्षं लागतील ते मला आधीच येतंय. मग रात्री जागून ताकुआनचं पत्र वाचलं. ताकुआन सोहो झेन बौद्ध पंथाच्या रिंझाई शाखेचा भिक्षू, त्यानं मुनेनोरीला मन आणि तलवार यावर लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, त्यातला मुख्य शब्द फुदो. फुदो म्हणजे अचल, फुदो म्योओ म्हणजे अचलनाथ, संस्कृत शब्द, झालं, कळलं सगळं! अचल म्हणजे हलायचं नाही.

पहिला काता इत्तो र्योदान. त्यात आपण तलवार मागे खाली धरून डावा खांदा समोरच्याला जणू देऊन टाकतो, तो खांद्यावर वार करायला येतो आणि त्याच क्षणी आपण कापायचं. मी काय करायचे, दात आवळून खांबासारखी उभी, मनात अचल अचल, आणि फुकुरो-शिनाई, म्हणजे सरावाची तलवार, धप्प खांद्यावर. (चिरलेल्या बांबूवर कातड्याची खोळ असते, हाड मोडत नाही, पण लागतं.) सेन्सेई एवढंच म्हणायचे, "तोमात्तेरु." म्हणजे थांबलंय. आणि मला ती शाबासकी वाटायची हो! सहा महिने! मी वाकून आरिगातो म्हणायचे.

शेवटी एका सेम्पाईनं (आधीपासून शिकणाऱ्या सीनियरनं) चहा पिताना सांगितलं की अगं, ते तुझी चूक सांगतायत. घरी जाऊन पत्र परत वाचलं तर ताकुआन सुरुवातच तिथून करतो, मन जिथे थांबतं तिथे अविद्या. अचल म्हणजे दगडासारखं, लाकडासारखं नव्हे असं त्यानं स्पष्ट लिहिलंय, मन पुढे-मागे, डावी-उजवीकडे हवं तसं फिरू दे, फक्त कशाला चिकटू देऊ नको. हजार हातांच्या कान्नोनचं (आपल्याकडचा अवलोकितेश्वर) उदाहरण देतो, मन एका हातावर अडकलं तर बाकीचे नऊशे नव्याण्णव बेकार. माझं मन तर "अचल" याच शब्दावर अडकलेलं. शब्द ओळखीचा निघाला की आपण ऐकायचं बंद करतो, आणि आपल्याकडच्या लोकांना जपानी बौद्ध शब्दांत ओळखीचे चेहरे पदोपदी भेटतात, म्हणून हे परत परत सांगतेय. कुणी डोजोत संस्कृत अर्थ समजावून सांगायला लागलंच तर प्लीज नका, मी ते पण करून बसलेय.

घाबरू मात्र नका. मुनेनोरीनं स्वतः १६३२ मध्ये लिहून ठेवलंय की जिंकायचंच हा विचार रोग, शिकलेलं सगळं वापरायचंच हा विचार रोग, आणि रोग घालवायचाच हा विचारसुद्धा रोग. म्हणजे तेव्हाच्या सामुराईंचंही हेच होत होतं. झाझेन (झेनचं बसून करायचं ध्यान) करावंच लागतं का हेही विचारतात, आमच्याकडे कुणी सक्ती केली नाही, काता करा, पत्र एक वर्षानं वाचा.

नारा बाजूला गेलात तर याग्यू गावात होतोकुजी बघून या, मुनेनोरीनं वडिलांसाठी बांधलेलं देऊळ, ताकुआनचा हात त्यात होता, मागे याग्यू घराण्याच्या समाध्या आहेत. बस कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. परवा सेन्सेई परत "तोमात्तेरु" म्हणाले, या वेळी पायाबद्दल.