मागं ट्रॉली, पुढं बर्फ: एसयूव्हीला टायर कोणता टाकायचा

नोव्हेंबर लागला की दुकानात हा प्रश्न सुरू होतो. "काका, गाडीमागं ट्रॉली लावून जायचं आहे, थंडीसाठी कोणता टायर टाकू?" विचारणारा कधी काटोलचा बागाईतदार असतो, पहाटे आंबिया बहाराचे क्रेट भरून कळमन्याला निघणारा. कधी धरमपेठेतला पोरगा असतो, ज्यानं कॅम्पिंगची ट्रॉली बनवून घेतली आहे आणि आता ती मनालीपर्यंत ओढायची आहे. मी हिंगणा रोडच्या एसटी वर्कशॉपात टायर सेक्शनला नोकरी केली, आता वाडीला मुलाच्या दुकानात बसतो. दोघांनाही मी आधी ब्रँड सांगत नाही. आधी वजन सांगा, मग कुठं जाणार ते सांगा. नक्षीचं शेवटी पाहू.

वजनाची गोष्ट लोकांना कंटाळवाणी वाटते, पण तिथंच सगळं अडतं. टायरच्या बाजूला २३५/६५ आर १७ असं माप असतं आणि त्याच्यापुढं १०४ किंवा १०८ असा आकडा आणि एक अक्षर, ते वेगाच्या मर्यादेचं. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. माप तेच असूनही दोन कंपन्यांच्या टायरचा हा आकडा वेगळा असू शकतो, आणि स्वस्तात मिळाला म्हणून उचललेला टायर बरेचदा इथंच कमी पडतो.

आता ट्रॉलीचा हिशोब करून पाहू. समजा भरलेली ट्रॉली ८०० किलोची आहे. तिच्या दांडीचा गाडीच्या हुकावर पडणारा भार साधारण एक दशांश धरा, म्हणजे ८० किलो. पण हूक मागच्या चाकांच्याही मागं आहे. हुकापासून मागच्या ॲक्सलपर्यंत एक मीटर आणि दोन ॲक्सलमध्ये २.७ मीटर धरलं, तर मागच्या ॲक्सलवर ८० नाही, ११० किलोच्या आसपास वाढतात. वरचे ३० आले कुठून? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. म्हणजे मागचे टायर दबले आणि स्टेअरिंग ज्या टायरवर चालतं ते हलके झाले. कोरड्या रस्त्यावर हे कळतही नाही. ओल्या किंवा बर्फाच्या वळणावर गाडी सरळ जायला लागते तेव्हा कळतं.

मागं तिघं बसलेले, डिकी भरलेली, वर ट्रॉलीचे ११० किलो, तेव्हा मागच्या ॲक्सलवर १४५० किलो सहज होतात. १०० इंडेक्सचे दोन टायर मिळून १६०० घेतात. कागदावर बसतं, पण मी तो टायर देत नाही. भरल्या वजनाच्या वर १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा, म्हणजे इथं १०४ किंवा त्याच्या वरचा. एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड, लिहिलेला मिळाला तर उत्तम, त्याची बाजूची भिंत मजबूत असते आणि ट्रॉली डोलायला लागली की तीच कामी येते. मऊ भिंतीचा टायर ट्रॉलीचं प्रत्येक हेलकावणं गाडीत आणतो.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक असलेल्या आणि बिनब्रेकच्या ट्रॉलीची मर्यादा वेगळी दिलेली असते, ती वाचा. दिलेलीच नसेल तर कंपनीनं ओढायला सांगितलेलं नाही असं समजा. टायर कितीही भारी घातला तरी गाडीची ताकद वाढत नाही. आणि ट्रॉली हीसुद्धा कायद्यानं मोटार वाहनच आहे, तिचं रजिस्ट्रेशन लागतं. हे मी सांगतो तेव्हा अर्धी गिऱ्हाइकं छताकडं पाहतात.

आता जागा. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, फार तर सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा, नाहीतर कुरई घाटातून सिवनी. या हिवाळ्याला हिवाळी टायर लागत नाही. राजेहो, अजिबात घेऊ नका. साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, डिसेंबरच्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली होते तसं. नागपुरात २०१८ च्या २९ डिसेंबरला पारा ३.५ पर्यंत उतरला होता, पण त्या थंडीतही दुपार तापतेच. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. ते आपल्या दुपारच्या डांबरावर, त्यातही ट्रॉलीचं ओझं घेऊन, भराभर झिजतं. ब्रेकही लांब लागतो.

आपल्याकडं थंडीत धोका असतो दवाचा. पहाटे रस्त्यावरची धूळ आणि डिझेलचा थर दवानं भिजतो आणि बुळबुळीत होतो. कुरई घाटात त्यावर सागाची ओली पानं. इथं चांगला एच/टी, म्हणजे हायवेचा टायर, पुरतो. वाडीवस्तीच्या कच्च्या रस्त्यावरून बागेत शिरायचं असेल तर ए/टी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारा. दोन्हीत नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या वर असू द्या. टायरच्या खाचेत टीडब्ल्यूआयची, म्हणजे झीज दाखवणारी, जी छोटी उंचवटी असते ती नक्षी १.६ मिलिमीटर उरली की बरोबरीला येते. तिथवर टायर वापरता येतो हे खरं, पण मागून ८०० किलो ढकलत असताना ओल्या घाटात मी तिथवर थांबणार नाही. टायर गोटा व्हायची वाट पाहणाऱ्याला मी हातच जोडतो.

एम/टी, ती मोठमोठ्या ठोकळ्यांची चिखलातली नक्षी, हिची पोरांना भलती हौस. दिसते झकास. पण तिचे ठोकळे मोठे आणि कडक, त्यांच्यावर बारीक चिरा कमी. चिखलात ती राजा आहे. ओल्या डांबरावर आणि घट्ट बर्फावर तिची पकड कमी. ट्रॉली ओढायची तर घेऊ नका, एवढंच.

आता मनालीवाला. त्याला वाटतं फोर बाय फोर आहे म्हणजे झालं. फोर बाय फोर गाडी पुढं नेतं, थांबवत नाही. थांबवतात ते टायर, आणि मागं ट्रॉली असली तर त्यांनी दोन गाड्यांचं वजन थांबवायचं असतं. इथं रबर आणि नक्षी दोन्ही पाहावं लागतं. बाजूच्या भिंतीवर एम प्लस एस लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं आहे, नक्षीच्या आकारावरून. खरी खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ती मिळवायला टायरला बर्फावरच्या चाचणीत ठरलेली पकड दाखवावी लागते. आपल्याकडं मिळणाऱ्या ए/टी टायरमध्ये योकोहामाचा जिओलँडर जी०१५ आणि बीएफगुडरिचचा केओ२ यांच्या बऱ्याच मापांवर ही खूण असते. बऱ्याच म्हणतो, सगळ्या नाही. म्हणून तुमच्या मापाचा टायर हातात घेऊन खूण स्वतः पाहा, सोबत लोड इंडेक्सही.

नागपूरहून निघून परत नागपूरला यायचं असेल तर हाच मधला मार्ग बरा: चांदणीची खूण असलेला ए/टी. एनएच ४४ वर शेकडो किलोमीटर कोरडं डांबर आहे, बर्फ शेवटच्या थोड्या टप्प्यात. अस्सल हिवाळी टायर त्यांच्यासाठी, जे महिनोनमहिने थंडीतच राहतात. माझी भाची मॉन्ट्रियलला असते. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर कायद्यानंच लागतात. तिच्या नवऱ्याला स्नोमोबाइलची ट्रॉली ओढायची होती. त्याला मी फोनवर सांगितलं ते असं: हिवाळी टायरच घे, स्पीडचं अक्षर मूळच्यापेक्षा खालचं असलं तर चालेल, तेवढ्या वेगानंच चालवायचं. पण लोड इंडेक्स मूळच्यापेक्षा खाली एकानंही नको. ऑस्ट्रियात तर नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो हिवाळी टायर मानतच नाहीत. ती रेघ आपणही पाळावी. हे टायर फिनलंडच्या नोकियननं १९३४ साली पहिल्यांदा काढले, ट्रकसाठी. ओझं आणि बर्फ एकत्र आल्यावरच कुणाला तरी याची गरज पडली, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला पटण्यासारखं आहे.

चारही टायर सारखेच घ्या. दोन नवे मागं, दोन जुने पुढं असं फोर बाय फोरला करू नका. चाकांचा घेर कमीजास्त झाला की डिफरन्शियलवर ताण येतो, आणि बर्फात गाडीचं एक टोक धरतं, दुसरं सुटतं. स्टेपनी त्याच मापाची. रिमोल्डबद्दल, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेल्या टायरबद्दल, विचारतात. एसटीत आम्ही रिमोल्ड मागच्या चाकांना लावायचो, पुढं नाही. पण तिथं प्रत्येक केसिंग, म्हणजे जुन्या टायरचा सांगाडा, तपासून चढायचं. बाजारातला रिमोल्ड ट्रॉली ओढणाऱ्या एसयूव्हीला माझ्या दुकानातून जाणार नाही.

आणि ट्रॉलीचे टायर! सगळ्यांत दुर्लक्षित जीव. जुन्या गाडीचे उतरवलेले दोन टायर ट्रॉलीला लावायचे, हा आपल्याकडचा रिवाज. ट्रॉली वर्षातले आठ-नऊ महिने अंगणात उभी, आणि नागपूरचं ऊन ४७ अंशांपर्यंत जातं. नक्षी नवीकोरी दिसते, पण बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडलेल्या असतात. असा टायर झिजून मरत नाही, वयानं मरतो, आणि तोही भरल्या वजनात. बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ३८२४ म्हणजे २०२४ चा ३८ वा आठवडा. पाच वर्षांच्या वरचा असेल तर मी काढायला लावतो, सहाच्या वर असेल तर वाद घालत नाही, नटच सोडायला घेतो. ट्रॉलीच्या टायरलाही लोड इंडेक्स लागू आहे: भरलेलं वजन भागिले चाकं, वर तीच १५-२० टक्के जागा. बर्फात जायचं असेल तर ट्रॉलीलाही बर्फाची खूण असलेले टायर हवेत. गाडीनं ब्रेक पकडला आणि ट्रॉलीनं नाही, तर ट्रॉली बाजूनं पुढं यायला निघते.

हवेबद्दल लोक सगळ्यांत कमी ऐकतात. गाडीच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर दोन आकडे: हलक्या वजनाचा आणि पूर्ण भाराचा. ट्रॉली लावली की मागं पूर्ण भाराचा. टायरच्या भिंतीवरचा सर्वाधिक हवेचा आकडा ही वरची हद्द आहे, भरायचा आकडा नव्हे. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी मोजा. पारा ५-६ अंश उतरला की साधारण एक पौंड हवा उतरते. नागपुरात दुपारी २८ आणि पहाटे १०, म्हणजे दुपारी भरलेली ३५ ची हवा पहाटे बत्तिसाच्या आसपास.

मनालीत थोडी गंमत होते. इथं २५ अंशांत ३५ भरली आणि तिथं उणे ५ झाले, तर थंडीनं पाच पौंड जातात. पण मनाली २००० मीटरवर, नागपूर ३०० वर. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी म्हणून गेज दोन-अडीच पौंड जास्त दाखवतं. दोन्ही मिळून गेजवर ३२-३३ दिसेल. पहिल्याच सकाळी ती पुरी करून घ्या, आणि खाली उतरल्यावर पुन्हा मोजा. बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी करा असं कुणी सांगेल. वाळूत चालतं ते. ट्रॉली मागं असताना नाही.

चेन सोबत ठेवा. ती इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यावर चढते, मापाची असावी लागते, आणि चढवली की ताशी ५० च्या खाली. घरीच अंगणात एकदा चढवून पाहा, चेन ब्रेकच्या पाइपला किंवा फेंडरला घासत नाही ना. आणि माझं ऐकाल तर ट्रॉली मनालीतच ठेवा. अटल टनेलकडं, सिस्सूकडं बर्फ पाहायला गाडी एकटीच न्या. बर्फावर ट्रॉली रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर तिथं मागं मोकळी जागा मिळणार नाही.

टायर निघायच्या आदल्या दिवशी टाकू नका. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटायचा गुळगुळीत थर असतो, तो जायला तीनशे-चारशे किलोमीटर लागतात. म्हणून पंधरा दिवस आधी या. बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घ्या, ट्रॉली जोडून एकदा सावनेरपर्यंत जाऊन या. शंभर किलोमीटरनंतर गाडीचे आणि ट्रॉलीचे दोन्हींचे नट पुन्हा टॉर्क पान्यानं आवळा. आल्यावर ट्रॉली उन्हात उभी करायचीच असेल तर तिची चाकं झाका. जागा असेल तर काढून आत ठेवा, गच्चीवर नको.